कायदा सरकारचा, हात साहेबांचा

"चपला बाहेर," शिपाई म्हणाला.

मला वाटलं, आपण चुकून एखाद्या मठात शिरलो. पुन्हा वर बघितलं. पाटी बरोबर होती, 'दुय्यम निबंधक तथा विवाह अधिकारी'. दाराशी चपलांचा ढीग पडला होता. मुनीरने बूट काढले आणि त्याच्या डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नाची नोटीस द्यायला निघालेल्या मुलीने असं काही बघू नये, पण बघितलं.

आत उदबत्तीचा वास कोंडला होता. सोवनी साहेब खुर्चीत नव्हते. खुर्चीवर घातलेल्या मृगाजिनावर होते. पन्नाशी ओलांडलेली, कपाळाला गंध, मनगटात लाल दोरा. भिंतीवरच्या राष्ट्रपुरुषांवर कोळ्यांनी जाळी विणली होती. ताजा हार होता तो टेबलावरच्या कुणा गुरुमहाराजांच्या फोटोला.

"बसा," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ. त्यांनी आमचा नोटिशीचा कागद उचलला. आधी माझं नाव वाचलं, मग मुनीरचं, आणि कागद दोन बोटांच्या चिमटीत आला.

"गिरिजा गणपत गुरव. गुरव म्हणजे देवळातले?"

"हो. आबा महादेवाची पूजा करतात. आमच्याच घराकडे आहे ती, पिढ्यान्‌पिढ्या."

"आणि हे तांबोळी."

"हो साहेब," मुनीर म्हणाला. "सिव्हिल हॉस्पिटलला एक्स-रे विभागात आहे. गिरिजा तिथेच स्टाफ नर्स आहे."

साहेबांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मी नर्स असल्यामुळे माझं लक्ष त्यांच्या श्वासाकडे गेलं. श्वास ठीक चालू होता.

"हे बघ बाळ," डोळे उघडून ते मला म्हणाले, "नोटीस मी घेतो. फलकावर लावतो. ते कारकुनी काम. पण तीस दिवसांनी तुम्ही दोघं इथे उभे राहाल, मला साक्षीला धरून एकमेकांचा स्वीकार कराल आणि मी खाली सही करायची. ते माझ्याने होईल असं वाटत नाही. महाराजांचा अनुग्रह आहे मला. असल्या विवाहाला ज्याचा हात लागतो, त्याच्या सात पिढ्या भोगतात."

"पण साहेब, कायद्यात—"

"कायदा सरकारचा आहे. हात माझा आहे. मी मेल्यावर सरकार येणार आहे का माझ्याबरोबर वर?"

खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला तो माणूस पटला. मी देवळाच्या ओवरीत वाढलेली. आबा तापाने फणफणले असले तरी थंड पाण्याची आंघोळ केल्याशिवाय पिंडीला हात लावायचे नाहीत. देवाला घाबरणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले होते. निघताना साहेबांनी आम्हा दोघांच्याही हातावर खडीसाखर ठेवली. मुनीरच्या हातावर जरा वरून टाकली, इतकंच.

"माणूस खरा आहे," बाहेर बूट चढवताना मुनीर म्हणाला. "तोंडावर सांगितलं. उगाच फिरवलं नाही."

फिरवण्याला अजून सुरुवात व्हायची होती.

पंधरा-वीस दिवसांनी वॉर्डात निरोप आला, विवाह अधिकाऱ्यांनी ताबडतोब बोलावलंय. धावत गेले. साहेबांसमोर आबा बसले होते. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, मांडीवर कापडी पिशवी. पहाटेची एसटी धरून आले असणार. साहेबांनी नोटिशीची एक प्रत गावी धाडली होती, कायद्याने धाडायची असते म्हणून. त्या एका बाबतीत त्यांचा हात कायद्याच्या अगदी आज्ञेत होता.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"गुरव, तुम्ही देवाची सेवा करणारे," साहेब सांगत होते. "तुमच्यासारख्यांच्या घरात हे व्हावं याचं मला तुमच्याहून जास्त दुःख आहे. पण मार्ग आहे. तुम्ही हरकत घ्या."

"घेतो की. कशी घ्यायची?"

"कारण लागतं. कायद्याने थोडीच कारणं ठेवलीत. मुलगी अज्ञान आहे असं लिहा."

"सव्वीस सरली तिला."

"मग तिचं आधी एक लग्न झालंय असं."

"न्हाई झालं."

"मग सगळ्यात सोपं राहतं." साहेब पुढे वाकले. "तिला वेडाचे झटके येतात, असं लिहून द्या. मी चौकशी लावतो. चौकशीत दिवस जातात. नोटिशीला तीन महिने उलटले की ती आपोआप रद्द. पुन्हा नवी नोटीस, पुन्हा तीस दिवस. तोवर पोरांची हौस फिटते. अनुभव आहे मला."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. आबांनी त्याच्याकडे बघितलं.

"म्हंजे मी लिहून द्यायचं की माझी लेक येडी हाय."

"फक्त कागदावर हो! प्रत्यक्षात कोण म्हणतंय?"

"साहेब," आबा म्हणाले, "मी रोज सकाळी देवाम्होरं बसतो. तिथं काय सांगू? कागदावर म्हणालो म्हणून सांगू?"

साहेब हसले. मोठ्या माणसाने लहान मुलाच्या प्रश्नाला हसावं तसं. "अहो, देवाच्या कामासाठी केलेलं असत्य हे असत्य नसतंच. मी महाराजांना विचारलंय."

"मी न्हाई इचारलं," आबा म्हणाले आणि उठले.

दारात मी त्यांना आडवी आले. "आबा, चहा तरी घ्या."

तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "गिरजे, तू आम्हाला मेलीस. आजपास्नं मेलीस. पर येडी न्हाईस." पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि पायऱ्या उतरून गेले. चपला घालायलाही थांबले नाहीत. हातात घेऊन गेले.

मी साहेबांकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते.

"बाळ, मी तुझ्या भल्यासाठीच केलं."

या वाक्याचा मला राग यायला हवा होता. पण भरल्या डोळ्यांच्या माणसावर मला रागावता येत नाही, हा माझा जुना दोष. रात्रपाळीला मी हे आमच्या भिंगारदिवे सिस्टरांना सांगितलं. सिस्टर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, अहमदनगरकडच्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या आणि उरलेले सहा दिवस कुणाचं काही ऐकून न घेणाऱ्या.

"तुझ्या बापाने देवासाठी खोटं बोलायचं नाकारलं," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या साहेबाला देवासाठी खोटं बोलायला माणूस हवा होता. स्वतः बोलायचं नव्हतं, दुसऱ्याकडून बोलवायचं होतं. तुला यातला कुणाचा देव खरा वाटतो?"

"ते पापाला घाबरतात हो सिस्टर."

"पापाला घाबरणारा माणूस वेगळा आणि अर्ज दाबून बसणारा वेगळा. दोघांची लक्षणं सारखी असतात. तपासल्याशिवाय सांगू नकोस."

तीस दिवस भरले आणि आम्ही तीन साक्षीदार घेऊन पोचलो. सिस्टर, त्यांचे यजमान आणि मुनीरचे मामा. मामांनी नवा शर्ट घातला होता. साहेबांनी पंचांग उघडून दाखवलं. "पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात मी नव्या कार्याला हात लावत नाही."

शेजारच्या खोलीत त्याच साहेबांच्या शिक्क्याने जमिनींची खरेदीखतं चालली होती. पितरांची जमिनीला हरकत नसावी.

पितृपक्ष संपल्यावर गेलो तर साहेब रजेवर. नवरात्राचं अनुष्ठान. पण शिपायाने आनंदाची बातमी दिली. दोन नंबरच्या कार्यालयातल्या इनामदार साहेबांकडे विवाहांचा चार्ज दिला आहे.

"इनामदार म्हणजे कुणीही असेल," सिस्टर म्हणाल्या. "देशस्थ असेल, मराठा असेल. सोवनी नाही ना? मग झालं."

दोन नंबरच्या दारावर पाटी होती, 'है. अ. इनामदार'. खाली बारीक अक्षरांत हैदरअली. मुनीरचा चेहरा उजळला. मामांनी तर तिथेच शर्टाची कॉलर नीट केली.

इनामदार साहेब धिप्पाड, मेंदी लावलेली दाढी, बोलणं लाघवी. आम्हा सगळ्यांना चहा मागवला. इथे चपला काढायला लागल्या नाहीत. कागद बघितले, सगळे बरोबर आहेत म्हणाले, मग मुनीरला विचारलं, "बेटा, मुलगी कलमा पढणार ना?"

"नाही साहेब. तिचा धर्म तिच्याकडे, माझा माझ्याकडे. म्हणून तर या कायद्याने करतोय."

इनामदार साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मग हे माझ्या हातून व्हायचं नाही. निकाह असता तर वलीम्याची जेवणावळ मी दिली असती, अल्लाकसम. पण हे काय आहे? ना तुझ्या घरचं, ना हिच्या घरचं. नुसतं कागदाचं."

"साहेब, तुमचं खातंच कागदाचं आहे," मामा म्हणाले.

"खातं कागदाचं आहे, मी नाही. उद्या कयामतच्या दिवशी मला विचारतील, हैदरअली, तू यावर सही केलीस? मी काय सांगू, शासनाचा आदेश होता?"

मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगतो. सोवनी आणि मी इतकी वर्षं एका आवारात आहोत. गणपतीच्या वर्गणीवरून भांडलो, नमाजाच्या सुट्टीवरून भांडलो, पाण्याच्या माठावरून तर वरच्या साहेबांपर्यंत गेलो. कधी कशावर पटलं नाही. पण या एका बाबतीत आमचं एकमत आहे. परवा त्यांनी मला चार्ज देताना हात हातात घेतला. म्हणाले, इनामदार, सांभाळा. मी म्हटलं, बेफिकीर राहा."

बाहेर आल्यावर सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "याला म्हणतात राष्ट्रीय एकात्मता. शाळेत निबंधाला येते ती हीच."

आम्ही दोघं मात्र हसलो नाही. त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या मागच्या कट्ट्यावर मुनीर म्हणाला, "गिरिजा, एक सांगू? दोघंही आपापल्या ठिकाणी प्रामाणिक आहेत. त्यांच्या जिवाला खरंच लागतंय. आपल्या सुखासाठी आपण दोन म्हाताऱ्यांना नरकात ढकलायचं का? दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ. तिथे राहण्याचा पुरावा करू, नव्याने नोटीस देऊ."

"आणि तिथे तिसरा भेटला तर?"

"तर चौथ्याकडे जाऊ."

मी हो म्हटलं. आज नवल वाटतं, पण तेव्हा म्हटलं. कुणाच्या श्रद्धेवर पाय देऊन संसाराला सुरुवात करू नये, असं मला मनापासून वाटत होतं. आबांचं ते चपला हातात घेऊन जाणं डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. एकाचा जीव दुखवून झाला होता; आणखी नको होते. वर कडी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी गावी स्थळ बघायला घेतलं होतं आणि मला 'आणायला' दोन भाऊ येणार असल्याचं कानावर होतं. म्हणजे जायचं तर लवकर जायला हवं होतं. आम्ही दोघांनी बदलीचे अर्ज लिहून ठेवले.

दिवाळी झाली. तुळशीची लग्नं लागली. थंडी पडायला लागली. नोटिशीचे तीन महिने संपत आले, आणि एका दुपारी भिंगारदिवे सिस्टर वॉर्डात आल्या त्या सरळ माझा हात धरून औषधांच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं.

बापूसाहेब निंबोरे आमच्या भागातले आमदार. त्यांच्या आईला सलाईन लावायला सिस्टर आठवडाभर त्यांच्या मळ्यावरच्या बंगल्यात जात होत्या.

"आमदाराच्या मुलीचं लग्न आहे," सिस्टर म्हणाल्या. "परवा. मळ्यातच. गाजावाजा नाही, घरची पन्नास माणसं. मुलगा हैदराबादचा डॉक्टर आहे. नाव अर्शद."

मी दाराची कडी पुन्हा बघितली.

"पोरीने विहिरीकडे धाव घेतली होती म्हणे, तेव्हा बापूसाहेब नमले. रजिस्टर लग्न आहे. ऑफिसात जायची भानगड नको म्हणून अधिकारी रजिस्टर घेऊन घरी येणार. कायद्यात तशी सोय आहे, जादा फी भरली की झालं. आता विचार, अधिकारी कोण?"

मी विचारलं नाही.

"पण नोटीस?" मी म्हटलं. "त्यांची नोटीस फलकावर कधी दिसली नाही. मी दर आठवड्याला जाते तिथे."

"होती. मी शिपायाला विचारून आले. तुमच्याच नोटिशीच्या खाली, त्याच टाचणीला. वरचा कागद तुमचा. गावाने तुमचा वाचला, साहेबाने तुझ्या बापाला बोलावून आणलं, चहाच्या टपरीवर तुमची चर्चा केली. खालचा कुणी उचलून बघितला नाही."

मी औषधांच्या खोक्यावर बसले.

"आता परवाचं सांग," त्या म्हणाल्या. "तुला साहेबांचा जीव दुखवायचा नाहीये ना? नको दुखवू. नुसती बघायला चल."

मळ्याच्या फाटकावर सिस्टरांना कुणी अडवत नव्हतं. आम्ही मागोमाग आत शिरलो. सिस्टर, त्यांचे यजमान, मामा, मुनीर आणि मी. मी साधी हिरवी साडी नेसले होते. मुनीरने नवे मोजे घेतले होते.

आंब्याच्या झाडांत छोटा मांडव. मध्ये टेबल, टेबलावर रजिस्टर. आणि टेबलामागे सोवनी साहेब. अंगावर कडक इस्त्रीचा सफारी, डोक्यावर आमदारांनी बांधलेला गुलाबी फेटा. शेजारी इनामदार साहेब, त्यांच्याही डोक्यावर फेटा. त्या दिवशी चार्ज कुणाकडे होता हे सांगणं कठीण होतं. दोघांनाही सोडवत नव्हता.

मुलीने आणि मुलाने एकमेकांच्या स्वीकाराचं वाक्य म्हटलं. सोवनी साहेबांनी खिशातून पेन काढलं, महाराजांचं स्मरण केलं आणि सही ठोकली. एवढ्यावर थांबले नाहीत. आपणहून दोन मंगलाष्टकं म्हटली. गळा चांगला होता. इनामदारांनी दोन्ही हात पसरून दुवा मागितली. मग सोवनी साहेब चार शब्द बोलायला उभे राहिले.

"प्रेमाला जात नसते. धर्म नसतो. महाराज नेहमी सांगतात, दोन जीव जोडणाऱ्याला काशीला जाण्याचं पुण्य लागतं. ते पुण्य आज बापूसाहेबांच्या कृपेने मला लाभतंय."

टाळ्या पडल्या. मी मुनीरकडे बघितलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. तीन महिने तो ज्या माणसाला नरकापासून वाचवू बघत होता, तो माणूस काशीला पोचला होता.

"चल," मुनीर म्हणाला. मला वाटलं, परत जाऊ या म्हणतोय. पण तो माझा हात धरून टेबलाकडे निघाला होता.

आम्हाला बघून सोवनी साहेबांचा फेटा जरा मागे सरकला.

"साहेब," मी म्हटलं, "रजिस्टर उघडं आहे. आमची नोटीस अजून दोन दिवस जिवंत आहे. साक्षीदार आहेत. कार्यालयाबाहेर लग्न लावण्याचा अर्ज आणलाय, जादा फीही आणलीय. आमचंही होऊन जाऊ दे."

"इथे? आत्ता?" ते पुटपुटले. "बाळ, हा खाजगी समारंभ आहे. उद्या कार्यालयात ये, आपण बोलू."

"उद्या तुम्ही रजेवर असाल."

"मी इनामदारांना—"

"त्यांच्याशीही बोलून झालंय."

इनामदार साहेब आंब्याच्या मोहराची चौकशी करायला झाडाकडे वळले होते. मोहर यायला अजून दीड महिना होता.

आमदार उठून आले. उंच, सावळे, पांढरे कपडे, आवाज बसका. "काय भानगड आहे, सोवनी?"

"काही नाही बापूसाहेब. एक… एक प्रलंबित प्रकरण आहे."

"मी सांगते," मी म्हटलं आणि सांगितलं. लांबण लावली नाही. पितृपक्ष, अनुष्ठान, कलमा, वेडाचे झटके. नवी नवरी उठून उभी राहिली होती आणि तिच्या बापाकडे बघत होती.

भिंगारदिवे सिस्टरांनी मागून गोड आवाजात भर घातली, "बापूसाहेब, नाही झालं तरी चालेल. आम्ही उद्या गावात विचारू लोकांना, की इथे झालं ते तिथे का होत नाही. वर्तमानपत्रवाले पण आहेत ओळखीचे."

आमदारांनी सिस्टरांकडे बघितलं. मग मुलीकडे. मग मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला. विधानसभेचा असावा.

"सोवनी," ते म्हणाले, "पेन चालू आहे ना?"

"आहे बापूसाहेब, पण माझ्या गुरूंची आज्ञा—"

"गुरूंना माझा नमस्कार सांगा. उरका."

एवढंच. तीन महिने, दोन धर्म, सात पिढ्या आणि कयामतचा दिवस, सगळं त्या एका शब्दात मावलं. सोवनी साहेब खुर्चीत बसले. आम्ही समोर उभे राहिलो. मी बोलायला लागले तर साहेबांनी डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली. जप चालू होता. मुनीरचे मामा म्हणाले, "साहेब, ऐकायला लागतं. कायद्यात आहे."

"ऐकतोय," साहेब डोळे न उघडता म्हणाले.

मग मी ओरडूनच म्हटलं. "मी, गिरिजा, तुला, मुनीर, माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते!" झाडावरचे पोपट उडाले. लग्नात इतका मोठा आवाज केलेली नवरी त्या मळ्याने पाहिली नसेल. मुनीर हळू म्हणाला, नेहमी बोलतो तसा. साहेबांनी सही केली. महाराजांचं स्मरण न करता.

टाळ्या आमच्यासाठीही पडल्या. आमदारांनी पुढे होऊन मुनीरला टॉवेल-टोपी दिली आणि मला खण-नारळ. नव्या नवरीने माझ्या गळ्यात आपला एक हार घातला. आमदारांचा फोटोग्राफर तेवढ्यात सरसावला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मनापासूनचं हसू आलं. लेकीचं लग्न लपवायचं होतं, पण गरीब पोरांचं लावून दिलेलं दाखवायला हरकत नव्हती.

दाखला घ्यायला बघते तर सोवनी साहेब जागेवर नव्हते. इनामदारही नव्हते. मांडवामागे मोटरीचं पाणी पडायचा आवाज येत होता. आम्ही दोघं तिकडे गेलो.

मळ्याच्या हौदावर, पाइपाच्या जाड धारेखाली, सोवनी साहेब उभे होते. सफारीसकट. पाणी डोक्यावरून, चष्म्याच्या खुणांवरून, गंधावरून वाहत होतं आणि ते मोठमोठ्याने नद्यांची नावं घेत होते. काठावर इनामदार साहेब त्यांचं घड्याळ, चष्मा आणि फेटा सांभाळत होते आणि मधूनमधून स्वतःच्या कानांच्या पाळ्यांना हात लावून तौबा म्हणत होते. प्रत्येकजण आपापल्या परीने धुऊन निघत होता, आणि दोस्ती अशी की एकमेकांना अंतर देत नव्हते.

मी थांबले. धार बंद झाल्यावर विचारलं, "साहेब, आमदारांच्या मुलीनंतर आंघोळ केली होती?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"का?"

थंडीने त्यांचे दात वाजत होते. शब्द जुळवायला वेळ लागला.

"ते… ते माझं कर्तव्य होतं, बाळ," ते म्हणाले. "तुमचं दबावाखाली झालं."

मुनीर पुढे झाला. साहेब पिंपळाच्या पानासारखे थरथरत होते. त्याने खांद्यावरचा आमदारांनी दिलेला नवा टॉवेल काढला, घडी मोडली आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या साहेब. बाधेल."

सोवनी साहेबांनी एकदा टॉवेलकडे पाहिलं, एकदा मुनीरच्या हाताकडे. स्वतःचा हात मागे घेतला. मग त्यांची नजर आमच्या खांद्यांवरून मांडवाकडे गेली. मांडवाच्या कडेला आमदार उभे होते, फोटोग्राफरला घेऊन.

साहेबांनी टॉवेल घेतला, आणि हसऱ्या तोंडाने खसाखसा डोकं पुसायला लागले.